दोन दिवस कप्प्यात

माझ्या टेबलाला तीन कप्पे आहेत. वरच्यात पेनं, चष्म्याची डबी आणि डोकेदुखीच्या गोळ्या. मधल्यात कोरे कागद. खालचा कप्पा मात्र अख्ख्या खात्यात प्रसिद्ध आहे आणि तो प्रसिद्ध केला मी. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे कुणीतरी म्हणेल, बाईनं यातला स्वतःचा हात शेवटपर्यंत लपवून ठेवला.

मी परराष्ट्र खात्यात एकतीस वर्षं काढली. हुद्दा सांगण्यासारखा नाही. साहेबांची सही ज्या कागदावर होते तो कागद मी लिहिते, एवढंच. माझ्याकडे विषयही एकच आहे, थोरले. त्या देशाचं खरं नाव फाइलींवर असतं, पण बोलताना आम्ही सगळे थोरलेच म्हणतो. आमच्यासारखे नऊ-दहा लहान देश त्यांच्याशी करारानं बांधलेले आहेत. आमच्यावर संकट आलं तर ते धावून येणार, त्यांनी हाक मारली तर आम्ही धावून जाणार, असा तो करार. धावायची पाळी बहुतेक वेळा आमच्यावरच येते, ते सोडा.

घरातला थोरला लहरी असला की बाकीच्यांचं काय होतं, हे ज्यांच्या घरी असा थोरला आहे त्यांना सांगायला नको. एक जण पुढे पुढे करतो. दुसरा गाल फुगवून बसतो. तिसरा सगळ्यांचं ऐकून घेतो आणि शेवटी म्हणतो, बाकीचे म्हणतील तसं. मित्रदेशांचंही अगदी असंच चालतं. थोरल्यांचे प्रमुख सकाळी उठून फोनवरून चार ओळी जगाला कळवणार आणि दहा राजधान्यांत माणसं अर्धी दाढी करून ऑफिसकडे पळणार. सोमवारी आमच्या मालावर कर बसवला, बुधवारी उठवला. एकदा म्हणाले, तुमच्या बंदरात आमचं जहाज यापुढे येणार नाही. आम्ही इकडे डोक्याला हात लावून बसलो, तर तिसऱ्या दिवशी जहाज हजर आणि वर बँड वाजतोय. अशा माणसाला उत्तर लिहायचं तरी काय?

आठ वर्षांपूर्वी त्यांनी करारातूनच बाहेर पडतो असं जाहीर केलं. त्या दिवशी मी जेवलेसुद्धा नाही. बसून कडक पत्र लिहिलं. साहेबांनी वाचून मान डोलावली, सही झाली, पत्र गेलं. आणि दोन दिवसांनी थोरले म्हणाले, आम्ही असं बोललोच नव्हतो. आमचं पत्र तिकडे टेबलावर आणि आम्ही इकडे तोंडघशी. आमचे राजदूत पुढे तीन महिने माफी मागत हिंडत होते. त्या रागात मी खालचा कप्पा रिकामा केला. ठरवून टाकलं, थोरल्यांच्या घोषणेवरून द्यायचं कुठलंही उत्तर, उचलायचं कुठलंही पाऊल, आधी दोन दिवस या कप्प्यात. वर एक चिठ्ठी लावायची, काय आहे, कोणता वार, किती वाजले. दोन दिवस पुरे झाले की कप्पा उघडायचा. तोवर थोरले फिरले असतील तर कागद फाडायचा आणि चिठ्ठी तेवढी जपून ठेवायची.

चौदा चिठ्ठ्या जमल्या. चौदाही वेळा थोरले दोन दिवसांच्या आत फिरले. साहेबांनी हा नियम मित्रदेशांच्या बैठकीत सांगितला, अर्थात स्वतःचा म्हणून, आणि परत येऊन मला म्हणाले, आपल्या नियमाचं फार कौतुक झालं. 'आपल्या' हा शब्द मी गिळला. पण खोटं कशाला बोलू, आतून सुखावले होते. दहा देशांचे मंत्री माझ्या कप्प्यावर चालतायत, ही काय लहान गोष्ट झाली?

शेजारच्या देशात माझ्याच कामाच्या खुर्चीवर एक गृहस्थ बसतात. आमची प्रत्यक्ष भेट कधी झाली नाही, पण फोनवरची ओळख सहा वर्षांची. हाडाचा घाबरट माणूस. दार जरा जोरात लागलं तरी हा दोन फाइली उघडणार. थोरल्यांचं काही नवं आलं की याचा फोन ठरलेला. "बाई, आता काय करायचं?" मी म्हणायची, "काय करायचंय, चहा प्या. दोन दिवस थांबा." नियम त्याला मीच शिकवला. तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन यायचा. "बाई, फिरले की हो." मग आम्ही दोघं हसायचो.

आमच्या घरातही तो नियम शिरला होता. घर म्हणजे मी, माझा धाकटा भाऊ, त्याची बायको आणि त्यांची आठ वर्षांची मुलगी. आई गेली तेव्हा धाकटा सहा वर्षांचा होता आणि मी सतरा. त्याच्या दप्तरापासून त्याच्या लग्नापर्यंत सगळं मीच पाहिलं. लग्न करायचं माझं स्वतःचं राहून गेलं, आणि त्याबद्दल कुणी हळहळलेलं मला आवडत नाही. धाकट्यानं स्वयंपाकघरातला सुरी-कात्रीचा कप्पा 'खालचा कप्पा' करून टाकला. नवरा-बायकोचं वाजलं की तो म्हणायचा, "कप्प्यात टाक, परवा भांडू." भाचीनं मांजर हवं म्हणून हट्ट धरला तेव्हा त्यानं तिला रीतसर चिठ्ठी लिहायला लावली, मांजर, सोमवार, सात वाजता. बुधवारी तिला कासव हवं होतं. त्या दिवशी धाकटा मला म्हणाला, "बघ ताई, हीसुद्धा थोरलीच निघाली."

तो सैन्यात मेकॅनिक होता. थोरल्यांनी लांबच्या एका देशात, तिथल्या बंडखोरांशी लढायला, डोंगरातल्या विमानतळावर मोठा तळ टाकला होता आणि मित्रदेशांकडून माणसं मागितली होती. कुणी दोनशे दिली, कुणी चाळीस. आम्ही नऊ माणसं आणि पाणी शुद्ध करायचं एक यंत्र दिलं. हसू नका. तीन हजार माणसं तेच पाणी पीत होती. त्या नऊ जणांत माझा धाकटा होता. जाताना मला म्हणाला, "ताई, तू कागद सांभाळ, मी नळ सांभाळतो."

मंगळवारी सकाळी थोरल्यांच्या प्रमुखांनी चार ओळी लिहिल्या. त्या तळाचा आम्हाला कंटाळा आलाय, आमची माणसं आजपासून परत येतील, मित्रांनी आपापलं बघावं. एवढंच. नऊ वाजता खात्यात पळापळ सुरू झाली आणि दहा वाजता थांबलीसुद्धा. सगळे एकमेकांना म्हणायला लागले, बाईंच्या कप्प्यात टाका, परवा बघू. साहेबांनी दारातूनच विचारलं, "नियम लागू ना?" मी मान हलवली आणि ते गेले.

दुपारी तीन वाजता शेजाऱ्याचा फोन आला. म्हणाला, "बाई, मी आमच्या मंत्र्यांकडून सही घेतली. उद्या दुपारी आमचं विमान जातंय, आमची माणसं काढायला."

मी म्हटलं, "अहो, दोन दिवस तरी थांबा."

"माहीत आहे. या वेळी माझ्यानं थांबवत नाही." मग म्हणाला, "विमानात अकरा जागा जास्तीच्या आहेत. तुमची नऊ माणसं आहेत ना तिथे? घेऊन येतो. फक्त तुमच्याकडून एक ओळ पाठवा."

मी हसले. हे मला आजही ऐकू येतं, माझंच हसणं. म्हटलं, "तुमची माणसं पळाली आणि परवा थोरले फिरले, तर पुढचं वर्षभर ते तुमचं तोंड तरी बघतील का? आमचं यंत्र तिथे आहे. पाणी बंद पडलं तर पहिली शिवी आम्हाला. तुम्ही जा. आम्ही थांबतो."

"बघा हो बाई," तो म्हणाला. "उद्या दुपारपर्यंत जागा ठेवतो."

मी कागद तयार केला. शेजाऱ्यांकडून अकरा जागा, आपल्या नऊ जणांना आणावे का, साहेबांच्या निर्णयासाठी. तो साहेबांकडे नेला नाही. वर चिठ्ठी लावली, 'अकरा जागा, मंगळवार, तीन वाजता', आणि कप्प्यात ठेवला. पंधरावी चिठ्ठी.

आता मनातलं सांगते. त्या नऊ जणांत माझा भाऊ आहे हे सगळ्या खात्याला ठाऊक होतं. मी धावाधाव केली असती तर लोक म्हणाले असते, सगळ्यांना नियम आणि बाईच्या भावाला विमान. ते मला सहन झालं नसतं. धाकट्याचा विचार आला, नाही असं नाही. पण आधी आला तो हा, लोक काय म्हणतील याचा. भाऊ त्याच्या मागून आला. याची लाज मला मरेपर्यंत पुरेल.

बुधवारी दुपारी शेजाऱ्यांचं विमान येऊन गेलं. थोरल्यांकडून काहीच नाही. गुरुवारी सकाळीही नाही. मी दर पाच मिनिटांनी बातम्या बघत होते. प्रमुखांनी त्या दिवशी एका कुत्र्याचा फोटो टाकला होता, त्यांच्या स्वतःच्या. दोन वाजून चाळीस मिनिटांनी माझा हात कप्प्याकडे गेला. मी घड्याळ बघितलं आणि हात मागे घेतला. नियम म्हणजे नियम. वीस मिनिटं बसून राहिले. बरोबर तीनला कागद काढून साहेबांकडे नेला. त्यांनी वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. "अकरा जागा? हे मंगळवारचं आहे?" पण सही केली आणि थोरल्यांच्या तळावर निरोप गेला की आमच्या माणसांना तुमच्या विमानात घ्या. त्यांचं शेवटचं विमान सकाळीच गेलं होतं, हे नंतर कळलं. त्या वीस मिनिटांनी काही फरक पडला नसता. तरी ती वीस मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत.

शुक्रवारी पहाटे डोंगरावरून बंडखोरांच्या तोफा सुरू झाल्या. तळावर उरलं होतं कोण? जे हुकमाची वाट बघत होते ते. त्यातले आमचे नऊ. पाण्याच्या यंत्रावरच गोळा पडला. नऊ जणांपैकी सहा गेले. धाकटा त्या सहांत होता.

रविवारी थोरले फिरले. हो, फिरले. सहाव्या दिवशी. म्हणाले, आम्ही मित्रांना कधीच सोडत नाही, आमच्या फौजा परत निघाल्या आहेत. प्रमुखांनी आमच्या सहा शूरांची आठवण काढली, आणि सहाऐवजी आठ म्हणाले. आमच्या पंतप्रधानांनी आभार मानले. ते आभाराचं पत्र कुणी लिहिलं असेल? खात्यात दुसरं कुणी थोरल्यांना लिहीत नाही. मी घरी सांत्वनाला आलेल्या माणसांतून उठून ऑफिसात आले, पत्र लिहिलं, सहीला ठेवलं आणि परत जाऊन भावजयीच्या शेजारी बसले. ते पत्र लिहिताना माझा हात जरासुद्धा हलला नाही.

तीन महिने गेले. मी कामावर जात होते. भावजय घरीच पडदे शिवते. खिडकीपाशी तिचं मशीन आहे. ते दिवसभर चालायचं. आम्ही तिघी एका टेबलावर जेवायचो आणि भाजीत मीठ कमी आहे का, शाळेची सही केली का, एवढंच बोलायचो. भावजय माझ्याकडे सरळ बघायची नाही. मला वाटायचं, तिला कुठून तरी कळलंय. कधी वाटायचं, छे, कसं कळेल? अकरा जागांचं मला माहीत, साहेबांना माहीत आणि शेजाऱ्याला. ती बघत नाही म्हणून मीही बघायची नाही.

मग चौकशी लागली. मेलेल्यांच्या घरच्यांनीच मागणी लावून धरली होती. खात्याकडे अठरा प्रश्न आले. साहेबांनी मला आत बोलावलं, दार लावून घेतलं.

"सातवा प्रश्न वाचलात?"

वाचला होता. कोणत्याही मित्रदेशाकडून आपल्या माणसांना परत आणण्याची तयारी कळवण्यात आली होती का?

"फोनवरचं बोलणं ते," साहेब म्हणाले. "शेजाऱ्यांचं लेखी काही नाही ना?"

"त्यांचं नाही. माझी चिठ्ठी आहे. कागदही आहे. तुम्ही सही केलेला."

साहेब बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले. वाईट माणूस नाही तो. धाकट्याच्या वेळी घरी येऊन दोन तास नुसता बसला होता. म्हणाले, "सही मी थोरल्यांच्या विमानासाठीच्या निरोपावर केली. ते अकरा जागांचं फाइलीला लागलेलं नाही. 'नोंद आढळत नाही' असं लिहा. तुमच्यासाठीच सांगतोय. तुमचा सख्खा भाऊ होता. लोक तुम्हाला जगू देणार नाहीत."

मी टेबलावर येऊन बसले तर शेजाऱ्याचा फोन. "बाई, मलाही विचारणार आहेत. तुम्ही जे लिहाल तेच मी सांगेन. काळजी करू नका." घाबरट म्हणून मी ज्याची सहा वर्षं टिंगल केली तो माणूस माझ्यासाठी खोटं बोलायला तयार होता. मग तोच म्हणाला, "रिकाम्या आल्या हो त्या अकरा जागा. मी विमानतळावर गेलो होतो. मोजल्या." आणि फोन ठेवला.

त्या दिवशी मी एकतीस वर्षांत पहिल्यांदा दुपारीच घरी निघाले. पंधरावी चिठ्ठी पर्समध्ये घातली होती. 'नोंद आढळत नाही' एवढे तीन शब्द लिहायचे होते. आयुष्यभर याहून मोठी खोटी वाक्यं सरकारी भाषेत लिहिलीत मी, डोळे मिटून. पण ती परक्यांसाठी होती. हे तीन शब्द लिहून भावजयीच्या हातचं जेवायचं, हे मला जमेना.

भावजय मशीनवर होती. मला अवेळी बघून तिनं पाय थांबवला. "बरं नाही का ताई?"

"चल, आत बस जरा. बोलायचंय."

स्वयंपाकघरात आम्ही समोरासमोर बसलो. मी चिठ्ठी काढून तिच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. शेजाऱ्याचा फोन, माझं हसणं, कप्पा, वीस मिनिटं. साहेब काय म्हणाले तेही. एकदाही न थांबता बोलले, थांबले असते तर पुढे जाता आलं नसतं. "त्याला मी मारलं," मी म्हटलं. "तुला काय बोलायचं ते बोल. घरातून जा म्हणालीस तरी जाईन."

ती चिठ्ठीकडे बघत राहिली. "मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"अकरा जागांचं. मंगळवारी संध्याकाळी त्याचा फोन आला होता. शेजारच्यांचा अधिकारी त्यांच्या तंबूत जाऊन सांगून आला होता, जागा आहेत, चला. आपल्या नऊ जणांचा मुख्य म्हणाला, राजधानीतून हुकूम नाही, पण ज्याला जायचंय त्याला मी अडवणार नाही, कागद मागून करू. आठ जणांनी पिशव्या भरल्या होत्या. त्यानं मला विचारलं, काय करू, चढू का विमानात?"

मी पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघितलं.

"मग स्वतःच म्हणाला, हे ताईकडे गेलं असणार. ताईच्या कप्प्यात असेल, म्हणजे परवा फिरतीलच. आणि मी काय म्हटलं माहितीये? मी म्हटलं, ताईंचं कधी चुकलंय का? त्यांचं ऐक. त्यानं बाकीच्यांनाही सांगितलं. माझी बहीण बसते तिथे, चौदा वेळा बरोबर आलंय म्हणून. पिशव्या रिकाम्या केल्या त्यांनी, ताई. त्याच्या भरवशावर. मी 'ये' म्हटलं असतं तर तो आला असता. नऊच्या नऊ आले असते."

"अगं, पण तुझा काय दोष?"

"मला वाटायचं, तुम्ही कधीतरी विचाराल, त्याचा शेवटचा फोन काय होता. मी काय सांगणार होते? म्हणून तुमच्याकडे बघवायचं नाही."

तीन महिने. एका घरात, एका टेबलावर. दोघी एकाच गोष्टीची लाज वाटून एकमेकींची नजर चुकवत होतो, आणि मी, कागदावरच्या दोन ओळींमधलं वाचण्याचा पगार घेणारी बाई, मला समोरच्या बाईचा चेहरा वाचता आला नाही. मी उठून तिला जवळ घेतलं. ती रडली. मीही रडले. धाकट्याच्या मागे पहिल्यांदाच नीट रडले म्हणायला हरकत नाही.

जरा वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "आणखी एक आहे." तिनं सुरी-कात्रीचा कप्पा ओढला. आत चमच्यांच्या खाली वहीचा चौकोनी कागद होता. भाचीचं अक्षर, रेघ सोडून खाली उतरत गेलेलं. 'बाबा गेले असं आई म्हणाली. शुक्रवार. पाच वाजता.'

"त्याच संध्याकाळी ठेवली तिनं," भावजय म्हणाली. "मी काढली नाही. शाळेतून आली की कप्पा उघडून बघते आणि लावून घेते. मला विचारत नाही काही."

आम्ही तशाच उभ्या असताना दार वाजलं. भाची आली, दप्तर खुर्चीत टाकलं, मला बघून म्हणाली, "आत्या, तू आज पळून आलीस?" मग तिचं लक्ष उघड्या कप्प्याकडे गेलं. ती आमच्या दोघींच्या मधून पुढे आली. स्वतःची चिठ्ठी तिनं ओळखली आणि टेबलावरची माझी उचलून वाचली.

"ही तुझी आहे?"

"हो."

"ही फिरली?"

"नाही गं."

"पण थोरले तर रविवारी फिरले. टीव्हीवर सांगत होते. आई रडत होती तेव्हा."

"थोरले फिरले. पण उशिरा फिरले. उशिरा फिरल्याचा काही उपयोग होत नाही."

"मग माझी पण नाही फिरणार," ती म्हणाली. विचारत नव्हती.

खोटं बोलायची माझ्या अंगात ताकद नव्हती. मी खाली बसले, तिचे हात धरले. "नाही फिरणार, बाळा. बाबा गेला. दोन दिवसांनी नाही, कधीच नाही."

"मग काढायला पाहिजे होती," ती म्हणाली. "दोन दिवस झाले की काढायची असते. तूच सांगितलं होतंस बाबाला." तिनं दोन्ही चिठ्ठ्या एकावर एक ठेवून माझ्या हातात दिल्या आणि कप्पा लावून टाकला. मग आईकडे गेली आणि तिच्या पोटात तोंड खुपसून, तीन महिन्यांत पहिल्यांदा, मोठ्यानं रडायला लागली. मी चिठ्ठ्या हातात धरून तिथेच जमिनीवर बसून राहिले. त्यांच्याकडे जायचीही मला लाज वाटत होती, तर भावजयीनं एक हात लांब करून मला ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी सातव्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं. तयारी कळवण्यात आली होती. मंगळवारी, दुपारी तीन वाजता, अकरा जागांची. ती मी, थोरले फिरतील या समजुतीनं, वरिष्ठांना न कळवता दोन दिवस माझ्या टेबलाच्या खालच्या कप्प्यात ठेवली. सोबत पंधरावी चिठ्ठी जोडली. भाचीची जोडली नाही, ती माझ्या चष्म्याच्या डबीत आहे. शेजाऱ्याला फोन करून सांगितलं, जसं घडलं तसंच सांगा. तो रडतोय हे मला फोनवरही कळलं. साहेब कागद वाचून म्हणाले, "पुन्हा विचार करा. आज राहू दे. दोन दिवस थांबून मग पाठवू."

मी म्हटलं, "नको साहेब." कागदाखाली वार आणि वेळ घातली आणि जिना उतरून चौकशीच्या ऑफिसात स्वतः जाऊन देऊन आले.